उबेचा माग

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हायमध्ये पानगळीचं कौतुक फार. मेपल लाल व्हायला लागले की इथली मराठी मंडळी पैठण्या नि झब्बे घालून, जॅकेटं गाडीत ठेवून, कुडकुडत त्या झाडांखाली फोटोला उभी राहतात. मीही राहायचे. गेल्या वर्षापासून मला तो रंग डोळ्यांसमोर नको होतो. झाडं लाल होतात त्याच सुमारास दुकानांच्या दारात शिकाऱ्यांची भडक केशरी जॅकेटं टांगली जातात. पेट्रोल भरताना शेजारच्या पिकअपच्या हौद्यात काय पडलंय ते बघू नये, असे दिवस येतात. ऑफिसात सोमवारी कॉफी मशीनपाशी लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "मिळालं का?" काय मिळालं, हे सांगावं लागत नाही. या दिवसांत मिळण्यासारखं एकच असतं, आणि त्याला चार पाय असतात.

यंदाही तो मोसम आला. मागच्या ओढ्यापलीकडच्या रानातून हरणं खाली उतरायला लागली आणि शेजारणीनं कुंपणापाशी मला गाठून तिची होस्टाची कुरतडलेली रोपं दाखवली. तिच्या मते हरणं म्हणजे खूर असलेले उंदीर. मी मान डोलावली. वर्षापूर्वी मी तिच्याशी भांडले असते.

आई गेली ती अमरावतीला, अचानक. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं, फक्त दहावा राहिला होता. दहाव्याला कावळा शिवला नाही. घाटावर पिंड ठेवून आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. कावळे होते, चांगले पाच-पंचवीस होते, झाडावरून बघत होते. बाबा हात जोडून एकेक कबूल करायला लागले. तुझ्या बहिणीशी अबोला सोडतो. तुझी पाटल्यांची जोडी लेकीलाच देतो. तंबाखू सोडतो. तंबाखू सोडतो म्हणाले तेव्हा मला वाटलं, आता तरी आई ऐकेल, कारण त्या तंबाखूपायी तिनं जन्मभर डोकं आपटून घेतलं होतं. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि म्हणाले, चला, झालं.

बाबांचं मात्र झालं नाही. त्यांना मी इथे घेऊन आले, आणि चहा पिता पिता, टीव्ही बघता बघता ते मधेच विचारायचे, "तिचं काय राहिलं असेल गं?" वीज खात्यात हयात घालवलेला माणूस. खांबावर चढताना देवाचं नाव घेणाऱ्यांची टिंगल करणारा. मटणाचा रस्सा वाटी वाटी ओरपणारा, एकादशीला मुद्दाम अंडी आणणारा. असा माणूस एका कावळ्यापाशी येऊन अडकला होता. मी समजावायचे, बाबा, पक्ष्याचं काय मनावर घ्यायचं? ते म्हणायचे, "हो, खरं आहे." आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

पहिल्या पितृपक्षात त्यांनी अविधवा नवमी करायची ठरवली. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची ती तिथी. मी रजा टाकली. खीर, वडे, कढी, लाल भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. केळीचं पान कुठून आणणार, स्टीलच्या ताटात घास वाढला आणि बाबांनी तो घरामागच्या लाकडी डेकच्या पायरीखाली गवतावर नेऊन ठेवला. मग आम्ही काचेच्या दाराआड बसून राहिलो. इथले कावळे चांगले दांडगे आहेत, पण माणसाच्या दारात येण्याची त्यांना सवय नाही. पितरांशी त्यांचा काही करारही नसावा. दुपार टळून गेली. मी हळूच म्हटलं, "बाबा, जेवून घेऊ या?" ते म्हणाले, "थांब जरा."

आणि ती आली. ओढ्याकडून, पडलेल्या झाडाला वळसा घालून, पुढचा एक पाय उचलून धरत, थांबत, पुन्हा चालत. हरणी. कान मोठे. पोटाखालचे केस पांढरे. ताटापाशी येऊन तिनं आमच्याकडे बघितलं, मग भात खाल्ला, खीर चाटली, भोपळा खाल्ला. वडे सोडले. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. "घेतलं," ते म्हणाले. "घेतलं तिनं." त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

ती आईच होती, असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत. तेवढे भाबडे ते नव्हते. पण त्यानंतर आईचं काय राहिलं असेल, हा प्रश्न संपला. रोज संध्याकाळी ते भोपळ्याचे तुकडे, सफरचंदाच्या फोडी घेऊन पायरीवर बसायचे. ती यायची. पहिल्यांदा लांब, मग जवळ, मग हाताच्या अंतरावर. माझी मुलगी मीरा कॉलेजातून शनिवार-रविवारी घरी यायची, ती काचेतून बघून म्हणायची, "आजोबा, शी इज लिटरली वेटिंग फॉर यू." आजोबांना इंग्रजी कळत असूनही ते तिला पुन्हा पुन्हा विचारायचे, काय म्हणालीस? त्यांना ते परत ऐकायचं असायचं.

हरणांना खायला घालायला आमच्याकडे बंदी आहे. शेजारणीनं ते मला ऐकवलं होतं. त्यांनी एकत्र जमू नये, रोग पसरू नये, माणसाला सोकावू नये, अशी कारणं आहेत, आणि ती कारणं खोटी नाहीत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मारायची परमिशन मिळते ना इथं? मग खाऊ घालायची काऊन नाही बाप्पा?" 

शिरीष हा माझ्या नवऱ्याचा, नितीनचा, मित्र. पुण्याचा. दोघं एकाच कंपनीत ब्रेक डिझाइन करतात. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना माझा तोल जाईल. माझं ऑपरेशन झालं तेव्हा बर्फातून रोज डबा आणणारा शिरीष. मला नि बाबांना विमानतळावरून आणायला पहाटे उठून गेलेला शिरीष. पण अमेरिकेत आल्यापासून त्याला अमेरिकन व्हायची घाई झालेली. आधी बार्बेक्यू, मग बोट, मग शिकार. धनुष्यबाण घेतला, ट्रेनिंग घेतलं, ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याच्या मालकीच्या रानात बसायची परवानगी मिळवली. ते रान आमच्या ओढ्यापलीकडचंच.

आणि मग त्यानं तो थर्मल स्पॉटर आणला. मुठीत मावेल एवढं यंत्र, एका डोळ्याला लावायचं, की समोरचं सगळं जग करडं दिसतं आणि त्यात जे जे ऊबदार आहे ते पांढरं. तो पहिल्यांदा घेऊन आला त्या संध्याकाळी आम्ही सगळे लहान मुलांसारखे खेळलो. चहाचा कप दिव्यासारखा उजळला. नितीनचं टक्कल तर असं चमकलं की मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिले. शिरीषनं सांगितलं, त्याच्या माळ्यावर रॅकून शिरलं होतं, सहा महिने सापडत नव्हतं, यानं छताकडे बघितल्याबरोबर एका कोपऱ्यात पांढरा गोळा दिसला. डेकखालचं ग्राउंडहॉग, भिंतीतले उंदीर, सगळे त्यानं असेच हुडकून काढले होते. "वहिनी, कुणीही लपू शकत नाही यार यापासून. झाडीत असो, गवतात असो. जिवंत आहे ना, मग दिसणार."

मला हे तंत्र नवीन नव्हतं. माझी नोकरीच त्यावर आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला असा कॅमेरा बसवतात, अंधारात रस्त्यावर ऊब दिसली की गाडीनं आपणहून ब्रेक लावायचा. आमच्या टेस्ट ट्रॅकवर हरणाचं एक बाहुलं आहे, त्याच्या पोटात आम्ही गरम पाण्याच्या पिशव्या बांधतो आणि त्याला वाचवण्याचा सराव करतो. दिवसभर मी कॅमेऱ्याला ऊब ओळखायला शिकवते ती वाचवण्यासाठी. घरी आले तर तीच विद्या कुणाच्या तरी डोळ्याला लावलेली. यंत्राला त्यातलं काही कळत नाही. ते पांढरा ठिपका दाखवतं आणि गप्प बसतं.

बाबांनी तो स्पॉटर काचेच्या दाराआडूनच डोळ्याला लावला आणि म्हणाले, "यात तर मीच दिसून राहिलो." साध्या काचेतून ऊब आरपार जात नाही, उलट बघणाऱ्याचंच प्रतिबिंब तिच्यात उमटतं. शिरीष हसला, "काका, बाहेर यायला लागेल. काचेमागून शिकार होत नसते." बाबा शाल गुंडाळून डेकवर गेले. सूर्य नुकताच बुडाला होता. नुसत्या डोळ्यांना ओढ्याकडे काळ्या फांद्यांखेरीज काही दिसत नव्हतं. शिरीषनं त्यांचा हात धरून यंत्र फिरवलं, "तिथे बघा, पडलेल्या झाडाच्या मागे. एकदम व्हाइट. दॅट्स अ डो, मादी आहे."

बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग ती उठून रानात निघून गेली आणि ते एकदम ओरडले, "अरे, अजून दिसते! गेली तरी दिसते!" शिरीष म्हणाला, "तिची बसलेली जागा आहे काका ती. जमीन गरम झालेली असते ना. थोडा वेळ राहते, मग जाते." बाबांनी यंत्र डोळ्यावरून काढलं नाही. करड्या गवतात एक फिकट लांबट डाग हळूहळू विझत होता, आणि माझे वडील तो विझेपर्यंत थंडीत उभे होते. आत आल्यावर मला म्हणाले, "माणूस उठून गेल्यावर त्याची जागा अशी दिसत असती तर किती बरं झालं असतं." शिरीषनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी त्यालाही ते भिडलं होतं, याची मला खात्री आहे. म्हणूनच मला त्याला माफ करता येत नाही.

त्यानंतर शिरीष वरचेवर यायला लागला. बाबांना आनंद. इथे त्यांच्याशी बोलायला होतं कोण? मी आणि नितीन ऑफिसात, मीरा कॉलेजात, शेजारी हात हलवून गाडीत बसणारे. शिरीष आला की ते दोघं डेकवर जाऊन बसायचे आणि बाबा आपल्या बाईचं कौतुक सांगायचे. ती त्यांच्यासाठी 'बाई'च होती. बाई कुठून येते, पडलेल्या झाडाच्या डाव्या अंगानं येते, उजवीकडून कधीच नाही. वारा ओढ्याकडून असला तर आधी थांबते. परत जाताना मात्र सरळ जाते, बिनघोर. माणसाचा आवाज आला तरी पळत नाही, उलट मान वर करून बघते, शहाणी आहे. नवी सून कशी गुणाची आहे हे सासऱ्यानं चारचौघांत सांगावं, तसं सांगायचे. शिरीष सगळं ऐकायचा. "काका, तुम्ही जीनियस आहात. आम्ही लोक सीझनभर स्काउटिंग करत, माग काढत फिरतो तरी एवढा डेटा मिळत नाही."

बाबांना 'डेटा' शब्द आवडला होता. मला म्हणाले, "तुमच्यासारखं मी पण डेटाचं काम करून राहिलो."

तो कशासाठी विचारतो हे बाबांना कळत नव्हतं असं नाही. शिरीष शिकार करतो हे त्यांना ठाऊक होतं, त्यावर त्यांची हरकतही नव्हती. पण आपल्या घरी येऊन, आपल्या पायरीवर बसून, आपल्या हातचा चहा पिणारा माणूस आपल्या दारच्या जिवाला वगळेल, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आपल्याकडे हे सांगावं लागत नाही. कुणाच्या दारची गाय, कुणाच्या आळीतलं कुत्रं, कुणी पाणी घालून वाढवलेलं झाड, त्याला हात लावताना माणूस आधी विचारतो. शिरीषही पुण्यात असाच वाढला असणार. मधल्या वर्षांत ते कधी गळून पडलं, त्याचं त्यालाच माहीत.

दिवाळी आटोपल्यावर चार दिवस बाई आली नाही, बाबा म्हणाले, गारठा वाढला, येईल. त्याच आठवड्यात शिरीषकडे पॉटलक होता, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा. बेसमेंटमध्ये टेबलं मांडलेली, कंदील लावलेला, मुलं वर गेम खेळत होती. ऑफिसातली, मंडळातली ओळखीची जोडपी. शिरीषनं स्वतः सुकं केलं होतं, काळ्या मसाल्यातलं, भरपूर खोबरं भाजून घातलेलं. त्यानं बाबांच्या ताटात वाढलं आणि म्हणाला, "काका, आधी खा, मग सांगतो." बाबांनी भाकरीशी खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. "मस्त झालंय रे. मटण नाही वाटत. काय आहे?"

शिरीष याच प्रश्नासाठी थांबला होता. त्यानं मोबाइल काढला. स्पॉटरमधून काढलेला व्हिडिओ. करडं रान, करडी झाडं, आणि मधे पांढरी शुभ्र ती, पुढचा एक पाय उचलून धरलेली. "काका, तुमचीच आहे. हा व्हिडिओ आदल्या संध्याकाळचा, सकाळी उजाडल्यावर तिथेच जाऊन बसलो. तुम्ही म्हणालात तसंच, डावीकडून आली. बाकीची पळाली सगळी. ही उभीच राहिली, माझ्याकडे बघत. माणसाची सवय होती तिला. दॅट मेड इट सो इझी. हाफ द क्रेडिट गोज टू यू, काका!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी वाजवल्या.

बाबांनी ताट खाली ठेवलं नाही. आरडाओरडा केला नाही. ते त्या पडद्याकडे बघत म्हणाले, "हो. सवय मीच लावली." शिरीष "अरे काका, वाइल्डलाइफ आहे शेवटी, पॉप्युलेशन कंट्रोल करावाच लागतो, नाहीतर हायवेवर मरतातच ना" असं काहीबाही बोलत राहिला. बाबांचा चेहरा बघून त्याचा आवाज मात्र उतरत गेला. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. नितीन मला दंडाला धरून वर घेऊन गेला. बाबा सिंकपाशी उभे राहून हात धूत होते. साबण लावून धुतले, पुन्हा लावून धुतले. यजमानीणबाई टॉवेल घेऊन शेजारी उभी होती, तिला काय करावं ते सुचेना.

नितीन गाडी चालवत होता. हायवेला लागल्यावर बाबा मागून म्हणाले, "तुझ्या आईचा घास एकटीनं घेतला तिनं. आणि मी तिलाच खाऊन बसलो."

यावर मुलीनं काय बोलायचं असतं? विज्ञान सांगायचं? ते तर त्यांनीच मला शिकवलं होतं. आमच्या गाडीत माझ्याच टीमनं बसवलेला कॅमेरा आहे, तो पुढचा रस्ता इमानेइतबारे तपासत होता.

हिवाळाभर बाबा डेकवर गेले नाहीत. आईचा प्रश्न परत आला, पण आता ते तो विचारत नसत, मधेच बोलणं तोडून उठून जात. शिरीष दोनदा घरी आला. सॉरी म्हणाला, मनापासून म्हणाला असेल. बाबांनी त्याला चहा दिला, आईवडिलांची चौकशी केली. घरी आलेल्याशी वाईट वागायचं नाही, हे त्यांचं अजून गळून पडलेलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांनी त्याला हाकलून द्यावं. ते म्हणाले, "त्यानं काय केलं? मी दाखवली, त्यानं पाहिली."

यंदा मोसमाच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. स्पीकरवर होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, धीर करून, हसत म्हणाला, "काका, काय, यंदा कुणी येतं की नाही डेकपाशी?" बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. ओढ्याकडे दोन हरणं चरत होती, नुसत्या डोळ्यांना दिसत होती. "नाही रे," बाबा म्हणाले, "इकडे काहीच नाही येत." जन्मात ज्यांनी मीटरचं रीडिंगही इकडचं तिकडे केलं नाही, ते माझे वडील.

अविधवा नवमीला मी स्वयंपाक केला. घास वाढायला घेतला तर म्हणाले, "बाहेर नको." आम्ही आतच जेवलो. संध्याकाळी मी भांडी आवरत होते आणि बाहेर काहीतरी हललं. एक तरुण हरणी पायरीपाशी येऊन उभी होती. गेल्या वर्षीच्या बाईचं पिल्लू असेल, नसेलही. शेजारपाजारच्या कुणीतरी खाऊ घालून सोकावून ठेवली असेल. मान वर करून काचेकडे बघत होती, अगदी बिनघोर.

बाबा उठले. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी दार सरकवलं, पायातली चप्पल काढली आणि नेम धरून तिच्या अंगावर फेकली. बरगडीवर बसली. ती दचकली, चार उड्या मारून लांब गेली, आणि पुन्हा वळून उभी राहिली. बाबांनी दुसरीही फेकली. "हाट! चल निघ! इथं येऊ नको! माणसापाशी येऊ नको!" अनवाणी, थंडीत, सत्तरी ओलांडलेला माणूस गवतात उतरून ओरडत होता आणि त्याचा आवाज फाटत होता. शेजारणीच्या घरातला दिवा लागला.

मी धावत गेले. "बाबा, लागलं ना तिला."

"लागू दे. लागलंच पाहिजे. माणूस दिसला की पळाली पाहिजे ती." त्यांना धाप लागली होती. ते वाकले, कुंडीतला एक दगड उचलला आणि माझ्या हातात दिला. "तू पण मार. घरातल्या सगळ्यांचं भय बसलं पाहिजे तिला."

मी मारला. नेम चुकला. हरणी तिथेच उभी राहून, कान पुढे करून, आम्हा दोघांकडे बघत राहिली.

"जवळ जाऊन मार," बाबा म्हणाले.